मेंडेलचा वाटाणा आणि जालन्याचे बियाणे

जालना औद्योगिक वसाहतीजवळच्या एका कॅथलिक विद्यालयात नववीचे लागोपाठचे दोन तास पाहण्याचा योग आम्हाला आला. पहिला विज्ञानाचा, विषय मेंडेलचे प्रयोग. दुसरा सामाजिक शास्त्रांचा, विषय हरितक्रांती. दोन्ही शिक्षकांची तयारी उत्तम होती. तरीही दोन तासांच्या मध्ये एक प्रश्न पडून राहिला, आणि आमची तक्रार त्याबद्दलच आहे.

विज्ञानाच्या तासाला 3:1 हे गुणोत्तर आले. उंच आणि बुटक्या वाटाण्याच्या संकरातून पहिली पिढी सगळी उंच निघते. दुसऱ्या पिढीत मेंडेलला 787 उंच व 277 बुटकी झाडे मिळाली. पुढच्या तासाला मुलांनी लिहून घेतले की, संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. का घ्यावे लागते? उत्तर आधीच्या तासाच्या फळ्यावर होते, पण तोवर फळा पुसला गेला होता.

संकरित झाडाचा जोम त्याच्या संमिश्र जनुकजोड्यांशी निगडित असतो. त्याचेच दाणे पेरले की प्रत्येक जोडी सरासरी निम्म्याच रोपांत संमिश्र राहते. अशा स्वतंत्र दहाच जोड्या धरल्या, तरी सर्व जोड्या संमिश्र असलेले रोप 1024 मध्ये सरासरी एक! शेत उंचसखल दिसते, उतारा घटतो. नववीच्या मुलाला हे गणित सहज जमेल.

शिवाय हरितक्रांतीतला बुटका गहू संकरित नव्हताच. तो सरळ वाण. घरचे बी ठेवून पुन्हा पेरता येणारा. ज्वारी-बाजरीची संकरित वाणे ही वेगळी गोष्ट. ‘सुधारित’ आणि ‘संकरित’ हे शब्द त्या तासाला एकाच अर्थाने वापरले गेले. ही चूक शब्दाची वाटते, पण शेतकऱ्याच्या खिशाला हा फरक चांगलाच कळतो.

हे गाव जालना नसते, तर आम्ही एवढे बोललो नसतो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये ‘महिको’ ही बियाणे कंपनी इथेच काढली. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. बियाण्यांचा धंदा या गावाची ओळख आहे आणि भोवतीचा सारा मुलूख कापसाचा. मुलांना आकडे पाठ होते. घरात येणाऱ्या पाकिटाशी त्यांचा संबंध मात्र कोणी जोडून दिला नाही.

नागरिकशास्त्रालाही इथे काम आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला. सरळ वाणात हा हक्क मोलाचा आहे. संकरितात कायदा आडवा येत नाही, पण मेंडेलचे गुणोत्तर येते. ही गोष्ट एकट्या विज्ञानाच्या किंवा एकट्या नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला पुरती सांगता येणार नाही.

मेंडेल धर्मगुरू होता हे या शाळेत अभिमानाने सांगितले गेले. मग पुढचेही सांगावे. तो बदली शिक्षक होता आणि शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत दोनदा, 1850 व 1856 मध्ये, अपयशी ठरला. (आमच्या शिक्षकमित्रांना यात दिलासा वाटावा.) 1868 मध्ये तो मठाधिपती झाला. 1874 च्या कायद्याने मठांवर बसलेल्या कराविरुद्ध 1884 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो भांडत राहिला. हा मेंडेल इतिहासाच्या तासाला बोलवायला काय हरकत आहे?

शाळेच्या आवारात दोन वाफे पुरतील. जूनमध्ये एकात संकरित मक्याचे पाकिटातले वीस दाणे लावावेत, दुसऱ्यात त्याच वाणाच्या गेल्या वर्षीच्या कणसाचे वीस. ऑगस्टमध्ये मुलांनी उंची मोजून तक्ता करावा आणि घरच्या बियाण्याची पावती त्याच वहीत चिकटवावी. पाकिटातल्या दाण्यांना विषारी औषध चोळलेले असते. ते शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून पेरावेत.