सोळा शब्द आणि एक ताट

सिडनीत नातीकडे राहते तेव्हा सकाळच्या चहाबरोबर ती मोबाइल पुढे करते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ‘कनेक्शन्स’ हे कोडे जून २०२३ पासून सुरू आहे. सोळा शब्द, त्यांतून चारचारांचे चार गट जुळवायचे. चार चुका झाल्या की डाव संपला.

खेळ चांगला आहे, हे आधीच कबूल करते. गंमत आहे ती चकव्यात. आपल्या भाषेत सांगायचे तर मान, पोट, हात यांच्याशेजारी ‘पाठ’ ठेवली की अवयव जुळले. पण यादीत धडा, कविता, इयत्ता असले तर तीच पाठ पुल्लिंगी होऊन तिकडे जाते! दोष एवढाच, की बरेचदा अमेरिकेचे खाऊ आणि बेसबॉल ठाऊक असावे लागतात. तिथे बुद्धी नव्हे, पत्ता तपासला जातो.

शब्दांवरून वस्तू मांडण्याचा आपला खेळ मात्र फार जुना. रोश हशानाला, म्हणजे आपल्या नव्याच्या सणाला, काय समोर ठेवावे हे तालमूदात (होरायोत १२अ) अब्बायेने सांगितले आहे: कारा, रुबिया, कार्ती, सिल्का, तामरी. दुधी, चवळी, कांद्यासारखी पात, बीटच्या जातीची पालेभाजी, खजूर. रुबिया म्हणताच ‘यिर्बू’, पुण्ये वाढोत. सिल्का म्हणताच ‘यिस्तल्कू’, वैरी दूर होवोत. यिद्दिश बोलणाऱ्यांनी यात गाजर घातले, कारण त्यांचे ‘मेरन’ म्हणजे गाजर आणि वाढणेही.

माझी तक्रार आहे ती इंग्रजी भाषांतराच्या पुस्तिकांवर. ‘वैरी दूर होवोत’ असे छापतात, पण त्यासाठी बीटच का, हे मुलांना कळत नाही. उत्तर ठेवले आणि कोडे गाळले. ऑस्ट्रेलियात त्या दिवसांत वसंत असतो, बाजारात ताजी भाजी असते; कमी पडतो तो कान. तिथली काही घरे लेट्यूस, मनुका आणि सेलरी एकत्र ठेवून पगारवाढ मागतात. हसू येते, पण पद्धत अस्सल आहे. भाषा बदलली तरी शब्द ऐकला गेला.

मराठीत हे कोणी का करू नये? गाजर ठेवा, नाव गाजू दे. यंदा मी सिल्काच्या जागी पालक ठेवला. नात म्हणाली, “आजी, स्पिनच?” मी म्हटले, “दुसरा अर्थ सांग, मगच खा.” तिने तिच्या आईकडे पाहिले, मग वर छताकडे बोट दाखवले.