‘विट्’ आणि पोपचे वाचक

इंग्रजी काव्यसमीक्षेतील जे शब्द वाचकास हमखास चकवितात, त्यांत ‘विट्’ला अग्रस्थान द्यावे लागेल. आज या शब्दासरशी आठवतो तो हजरजबाबी विनोद. मूळ अर्थ मात्र निराळा. प्राचीन इंग्रजीत ‘विट्’ म्हणजे मन, जाणण्याची शक्ती. संस्कृतातील ‘विद्’ धातू त्याच कुळातला. (संस्कृत भाणातील वाक्पटू ‘विट’ मात्र त्या कुळातला नव्हे, साम्य कितीही मोहक असले तरी ते केवळ ध्वनीचे आहे.) शेक्सपिअरची बिअट्रिस बेनेडिकच्या पाच ‘विट्स’पैकी चार लंगडत निघून गेल्याचे सांगते, तेव्हा तिला मनाच्या शक्तीच अभिप्रेत असतात.

पुढे लॅटिन ‘इंगेनियम’चा, म्हणजे उपजत प्रतिभेचा, अर्थ या शब्दाला चिकटला. भिन्न कल्पनांतील साम्य चटकन हेरणारी ती ‘विट्’ आणि भेद पारखणारा तो विवेक, अशी विभागणी लॉकने १६९० मध्ये केली.

खरा वाद आहे तो पोपच्या ‘एसे ऑन क्रिटिसिझम’विषयी (१७११). या काव्यात हा शब्द चाळीसहून अधिक वेळा येतो, आणि त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी थट्टेची छटा पूर्णपणे लोपत नाही, असे एम्पसनने १९५१ मध्ये प्रतिपादिले. सी. एस. लुईसने १९६० मध्ये त्यास हरकत घेतली. आपल्या काळात रूढ झालेला अर्थ जुन्या ग्रंथावर नकळत लादला जातो. अशा अर्थास तो ‘धोकादायक अर्थ’ म्हणतो.

लुईसचा इशारा रास्त आहे. ‘विट्’ आणि विवेक ही परस्परांच्या साहाय्यासाठी असूनही पतिपत्नींप्रमाणे भांडतात, असे पोप म्हणतो, तेथे थट्टेची छटा शोधणे म्हणजे ओढाताणच होय. परंतु ओळीओळीला चमचमाट करू पाहणाऱ्या कवींच्या रचनेस तो ‘विट्’चा बेबंद ढीग ठरवितो, तेथे ‘इंगेनियम’ कामास येत नाही. प्रतिभेचा ढीग होत नसतो. ढीग होतो तो चमकदार उक्तींचा.

मराठी अनुवादकाची अडचण येथेच उभी राहते. पहिल्या ठिकाणी ‘प्रतिभा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उक्तिचमत्कृती’ योजल्यास दोन्ही अर्थ हाती लागतात. पण ज्या शब्दाने पोप कवीचा गौरव करतो त्याच शब्दाने त्याचा उपहासही करतो, ही गोष्ट मराठी वाचकाच्या दृष्टीआडच राहते.