जिना चढून वर : कुलाब्याची छोटी गॅलरी आणि आपली चित्रसमीक्षा

मराठी घरात ‘गॅलरी’ या शब्दाचा पहिला अर्थ चित्रांशी संबंधित नाही. माटुंग्याच्या आमच्या जुन्या इमारतीत गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची, तुळशीची कुंडी ठेवायची आणि खाली भाजीवाला आला की त्याला हाक मारायची जागा. दर दिवाळीआधी वडील तिचा लोखंडी कठडा घासून रंगवत. डब्यावर ‘इनॅमल’ असे लिहिलेले असे, पण घरात सगळे त्याला ‘ऑइलपेंट’च म्हणत. हा तपशील पुढे लागणार आहे, म्हणून आधीच नोंदवते.

माझे कलाशिक्षण झालेले नाही. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची जुनी पुस्तके आणि रद्दीतून वजनावर आणलेले दिवाळी अंक यांवरच मी चित्रे पाहायला शिकले. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे कापून वहीत चिकटवणारी माझ्या पिढीतली मी एकटीच नसेन. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला तो चित्रकाराचा दिवाळी अंक म्हणूनच. या मुखपृष्ठांबाबत एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेतली पाहिजे. ती छापण्यासाठीच काढलेली होती. छापील पान हेच त्यांचे अंतिम रूप, त्यामुळे ते पाहणाऱ्याचे फारसे काही हुकत नाही. गायतोंड्यांचे किंवा बरव्यांचे चित्र त्याच आकारात, त्याच गुळगुळीत कागदावर छापले, की आपल्यापर्यंत पोहोचते ती फक्त त्या चित्राची बातमी. आपण मात्र दोन्हीकडे एकाच नजरेने पाहत आलो. निदान मी तरी पाहत आले.

त्याचा पुरावा माझ्याच एका लेखात आहे. बारा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्यावर दीर्घ लेख लिहिला. विणकर सेवा केंद्रातली त्यांची दोन दशकांची नोकरी, बनारसचा काळ, तंत्रप्रतिमा, मग घड्याळ, पान, ढग, रिकामा डबा असा तो सगळा प्रवास मी जमेल तेवढ्या कागदपत्रांवरून मांडला. १९९० साली आलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ शब्दन् शब्द वाचले होते. लेखाचा कणा असा होता की बरव्यांच्या चित्रातली शांतता ही तैलरंगाची शांतता आहे. तैलरंग सावकाश वाळतो, चित्रकाराला दिवसेंदिवस थांबू देतो, एका छटेतून दुसरीत हळूच उतरू देतो. लेख बरा झाला असे जाणकारांनी कळवलेही. त्यातले एकही चित्र मी प्रत्यक्ष पाहिले नव्हते.

ते पाहिले कुलाब्याच्या एका छोट्या खासगी गॅलरीत, जुन्या चित्रकारांच्या एकत्र प्रदर्शनात. कॉजवेवरून जायचे म्हणजे कानातली, पितळी होकायंत्रे, चामड्याच्या चपला, परदेशी पाहुण्यांसाठी टांगलेले झगे यांच्यामधून वाट काढत जायचे. १८३८ मध्ये बेटे जोडण्यासाठी बांधलेला हा रस्ता आता बाजारच आहे, आणि बाजार म्हणून तो भलताच प्रेमळ आहे. प्रत्येक जण तुम्हाला बोलावतो, भाव कमी करतो, नाही घेतले तरी पुन्हा बोलावतो. वाटेत मोंडेगार कॅफेच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे आहेत. ती पाहायला चहाची किंमत पुरते. पण त्याच बाजारातून ताजच्या मागच्या गल्लीत वळले, की बोलावणे थांबते. गॅलरी जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. खाली नावाची लहान पितळी पाटी, इंग्रजीत. लाकडी जिना, विजेच्या मीटरांची रांग, कुणाच्या तरी दारातल्या चपला. वर बंद दरवाजा आणि बेल.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बेल न वाजवताच परत उतरले होते. दुसऱ्या खेपेला वाजवली. दार उघडणाऱ्या मुलीने इंग्रजीत विचारले, वेळ घेतली आहे का? खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. मी मराठीत सांगितले, चित्रे बघायला आले आहे. ती लगेच बाजूला झाली. एवढेच घडले. त्यात अपमान नव्हता, पण तो प्रश्न जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आधीच उभा होता.

बरव्यांच्या चित्राशेजारी चिठ्ठी होती. माध्यम : इनॅमल, कॅनव्हासवर.

मी ती दोनदा वाचली. मग चित्राच्या कडेशी जाऊन, भिंतीला जवळजवळ गाल लावून, तिरके पाहिले. पृष्ठभाग सपाट होता, ब्रशचे ओरखडे जवळपास नाहीत. इनॅमल लावल्यावर स्वतःच पसरून समतल होते आणि लवकर धरते. तैलरंगासारखी चार दिवसांची सवड ते देत नाही. म्हणजे माझ्या लेखातले थांबणे, हळूच उतरणे हे सगळे मी छापील पानावरून रचले होते. बरव्यांची शांतता रंग लावण्याआधीची असली पाहिजे : काय, कुठे, किती, हे आधी पक्के करून मग हात चालवायचा. कापडाच्या नक्षीचे आराखडे वर्षानुवर्षे केलेल्या माणसाला ही शिस्त परकी नव्हती. आणि हे द्रव्य म्हणजे आमच्या कठड्याचा रंग. घरातल्या ‘ऑइलपेंट’ या शब्दानेही मला तैलरंगाकडे ढकलले असेल का, असा प्रश्न पडतो. पण शब्दावर खापर फोडण्यात अर्थ नाही. चिठ्ठी वाचायला मी पोहोचलेच नव्हते.

मराठीत प्रत्यक्ष पाहून लिहिणारे झालेच नाहीत असे नाही. द. ग. गोडसे वस्तू हातात घेतल्यासारखे लिहीत. ज्ञानेश्वर नाडकर्णी प्रदर्शनांची वाट तुडवत. पण आपल्या कलाविषयक लेखनाचा मोठा भाग चरित्र, आठवणी आणि छापील प्रतिमा यांवर उभा आहे. चित्रकार गिरगावच्या चाळीत कसा राहिला हे आपण रंगवून सांगतो. त्याचे चित्र किती उंच आहे, हे सांगत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये ताजमध्ये झालेल्या क्रिस्टीजच्या लिलावात गायतोंड्यांचे चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले, तेव्हा आपल्याकडे त्या आकड्यावर रकाने भरले. ताजच्या मागे दोन मिनिटांवर, तिकीट न काढता, त्या परंपरेतली चित्रे पाहता येतात, ही माहिती त्या रकान्यांत क्वचितच होती.

आता गॅलरीच्या बाजूकडे. केकू गांधींनी केमोल्ड हा चौकटींचा व्यवसाय १९४१ मध्ये सुरू केला. त्यांच्या दुकानाच्या काचेमागे आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रे लागत. फ्रेम घ्यायला आलेल्याला, नुसत्या रस्त्याने चाललेल्यालाही ती दिसत. १९६३ मध्ये केमोल्ड गॅलरी झाली ती जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर. २००७ मध्ये ती फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर. काचेमागून पहिला मजला, तिथून तिसरा. मोठ्या भिंती हव्यात, तळमजल्याचे भाडे परवडत नाही, कारणे समजण्यासारखी आहेत. पण वर चढताना रस्त्यावरचा माणूस सुटत गेला आणि त्याला वर आणण्यासाठी फारसे काही केले गेले नाही. खाली मराठीत एक पाटी आणि ‘प्रवेश मोफत’ एवढे दोन शब्द, याला किती खर्च येतो?

जहांगीरची तुलना येथे नेहमी होते, ती अर्धीच खरी आहे. १९५२ पासून जहांगीरचे दार रस्त्याला लागून उघडे आहे, माटुंग्याची माणसे तिथे बिचकत नाहीत. पण तिथे चित्रकार भाडे भरून आठवडा घेतो, आणि वर्षानुवर्षे वाट पाहून घेतो. खासगी गॅलरी निवड करते, चित्रकाराला वर्षानुवर्षे सांभाळते आणि विक्रीतला मोठा वाटा घेते. त्या विक्रीतूनच आपले फुकट पाहणे चालते, हे मान्य केले पाहिजे. आणि निवडीने काय साधते याचे उदाहरण मराठी वाचकाला परके नाही. भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांमुळे जिव्या सोमा म्हशे यांची वारली चित्रे १९७५ मध्ये केमोल्डमध्ये लागली. डहाणूकडच्या पाड्यावरून आलेली चित्रे त्या जिन्याने वर गेली, आणि आम्ही मध्य मुंबईतले लिहिते-वाचते लोक पुढची चाळीस वर्षे खाली उभे राहून ‘ते श्रीमंतांचे दुकान’ म्हणत राहिलो. दुकान तर ते आहेच. कॉजवेवर काहीही विकत न घेता दोन तास हिंडायला मात्र आपल्याला कधी संकोच वाटला नाही.

त्या दिवशी मी तासभर थांबले. निघताना त्या मुलीने स्वतःहून मागच्या खोलीतली, भिंतीवर न लावलेली दोन कागदांवरची कामे काढून दाखवली. यादीही दिली, तीत प्रत्येक चित्राचे माध्यम, माप आणि वर्ष होते. असा कागद मिळवण्यासाठी मी ग्रंथालयांत महिने घालवले आहेत. दाराजवळच्या नोंदवहीत नाव आणि ‘माटुंगा’ असे देवनागरीत लिहिले. मागची पाने चाळली, त्यांत देवनागरी नोंदी मोजक्याच होत्या.

बरव्यांवरचा तो लेख आता संग्रहात घ्यायचा आहे. तैलरंगाची चार पाने मी काढून टाकली आहेत. त्यांच्या जागी काय लिहायचे यासाठी आणखी तीन-चार चित्रे प्रत्यक्ष पाहावी लागतील. ती कुठे कुठे आहेत याची यादी करायला घेतली आहे.