‘वाघ वाचवा’ या वाक्याचा कर्ता कोण?

आजचा विषय लहान मुलांचा आहे, पण व्याख्यान मोठ्यांसाठी आहे. नामशेष होत चाललेल्या प्राण्यांबद्दल आपण मुलांना जे शिकवतो आणि ज्या रीतीनं शिकवतो, त्याची थोडी चिकित्सा आज करू.

सुरुवात एका फजितीनं करतो. फजिती आमचीच. काही वर्षांपूर्वी एका शाळेनं चित्रकला स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हाला बोलावलं होतं. मुलं तिसरी-चौथीतली, विषय ‘वन्यजीव वाचवा’. टेबलावर वाघ, पांडा आणि बर्फाच्या तुकड्यावरची पांढरी अस्वलं यांची रांग लागली होती. एका मुलानं वाघाशेजारी एक माणूस काढला होता. आम्ही विचारलं, हा कोण? म्हणाला, ‘वाघ वाचवणारा.’ म्हणजे कोण? त्याला सांगता येईना. मग खालच्या आवाजात त्यानंच विचारलं, ‘आजोबा, मी नाही वाचवला तर तो मरेल का?’ आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. त्याला दुसरा नंबर देऊन मोकळे झालो.

आता ते वाक्य नीट पाहा. ‘वाघ वाचवा.’ क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता नाही. आज्ञार्थात कर्ता गृहीत असतो, हे खरं. पण ही आज्ञा कोणाला? ती जंगल खातं, खाणवाले, रस्ते बांधणारे, आपण मतदार, यांच्यापैकी कोणाच्याच भिंतीवर लागत नाही. ती लागते दुसरीच्या वर्गात. म्हणजे कर्ता ठरला सात वर्षांचा पोरगा. पुस्तकातलं दुसरं वाक्य असतं, ‘माळढोक दुर्मिळ होत चालला आहे.’ जणू काही तो आपला आपणच होतो आहे. पहिल्या वाक्यात कर्ता चुकीचा, दुसऱ्यात कर्ता गायब. ज्या मुलांना आपण मराठीच्या तासाला कर्ता ओळखा म्हणून प्रश्न घालतो, त्यांच्यापासून नेमका इथलाच कर्ता लपवतो.

कांटच्या नीतिविचारातलं एक सूत्र इथं उपयोगी पडतं. जे करणं माणसाला शक्यच नाही, ते त्याचं कर्तव्य होऊ शकत नाही. वाघ वाचवणं त्या मुलाला शक्य नाही. म्हणून ते त्याचं कर्तव्य नाही. आपण मात्र ते त्याच्या दप्तरात घालतो. मग दोनच गोष्टी होतात. हळवं मूल घाबरतं, आणि हुशार मूल लवकरच ओळखतं की हे सगळं फक्त चित्र काढण्यापुरतं आहे. दुसरं जास्त वाईट, असं आम्हाला वाटतं. नैतिक भाषा ही बोलायची असते, वागायची नसते, हा धडा ते तिथं शिकतं.

या प्रश्नावर डेव्हिड सोबेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं 1996 सालचं छोटं पुस्तक बरंच वाचलं गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : साधारण चौथीच्या आधी मुलांना पर्यावरणाच्या शोकांतिका सांगूच नका. आधी आपुलकी, मग भटकंती आणि शोध, आणि बारा-तेरानंतर सामाजिक कृती. ज्याच्याशी ओळख नाही त्याच्या मरणाची बातमी आधी दिली, तर मूल निसर्गापासून दूर पळतं. यातलं अर्धं आम्हाला पूर्ण मान्य आहे. सायन्स मासिकात 2002 साली आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना प्राण्यांची आणि पोकेमॉनची चित्रं दाखवली होती. आठ वर्षांपुढच्या मुलांना खऱ्या प्राण्यांपेक्षा पोकेमॉन जास्त ओळखता आले. आपल्याकडचं मूल पांडा ओळखतं आणि दारातली टिटवी ओळखत नाही, हे सांगायला अभ्यास कशाला हवा!

पण उरलेल्या अर्ध्याशी आमचं भांडण आहे. सोबेल यांच्या नियमात एक गृहीतक दडलंय. शोकांतिका मुलापर्यंत शाळेतूनच पोहोचते, म्हणून शाळेनं दार लावलं की मूल सुरक्षित. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावात हे कसं चालेल? तिथल्या मुलाला वाघ पोस्टरवरून नाही, घरातल्या बोलण्यातून कळतो. कोणाची गाय गेली, कोणाचा माणूस गेला. त्याला शाळेनं ‘आधी वाघाशी दोस्ती’ सांगितली, तर ते मूल शाळेला वेड्यात काढेल, आणि बरोबरच करेल.

सोलापूरजवळचं नान्नज घ्या. माळढोक पक्षी अभयारण्य 1979 साली जाहीर झालं, तेव्हा कागदावर त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल अढी बसली. पुढं ते क्षेत्र साधारण सव्वाबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण ज्या घरात ‘त्या पक्ष्यापायी आमची जमीन अडकली’ हे वाक्य बोललं गेलं, त्या घरातल्या मुलाला त्याची शोकांतिका कधीच कळलेली आहे. फक्त त्यात मरणारा पक्षी नाही, अडकलेला बाप आहे. शाळेनं या दोन्ही गोष्टी एका जागी आणायला नकोत?

बरं, पक्ष्याबद्दल तरी काय सांगतो? ‘जगात फक्त दीडशेच्या आसपास उरले.’ सात वर्षांच्या मुलाला दीडशे ही मोठी संख्या वाटते हो! त्याला सांगा, तुझ्या शाळेतले तीन-चार वर्ग भरतील एवढेच, सगळ्या जगात मिळून. त्याला सांगा, कोंबडी किती अंडी देते ते तुला माहीत आहे. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं न बांधता. कुत्रं आलं, मेंढराचा पाय पडला, की त्या वर्षाचं सगळं गेलं. आणि हा जड पक्षी उडताना विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत. यात भीती घालण्यासारखं काही नाही. हे कळण्यासारखं आहे, म्हणून ते दुःख मुलाला पेलतं.

इथं एक अवघड गोष्ट येते. आपण प्रत्येक मुलाला शिकवतो की झाड लावणं म्हणजे पुण्य. माळढोकाला मोकळा माळ लागतो. गवताळ माळावर दाट झाडी उभी केली, की त्याचं घर गेलं. सरकारी दफ्तर माळाला पडीक म्हणतं, आपणही म्हणतो, आणि शाळेची सहल तिथं रोपं घेऊन जाते. म्हणजे एका पोस्टरवरचा उपदेश दुसऱ्या पोस्टरवरच्या पक्ष्याला घराबाहेर काढतो. हे चौथीतल्या मुलाला सांगावं का? जरूर सांगावं. ‘चांगलं काम’सुद्धा कुठं करतोय हे पाहून करायचं असतं, यापेक्षा मोठा नीतिशास्त्राचा धडा आम्ही एम.ए.च्या वर्गालाही दिला नाही.

मग कर्ता दाखवायचा कसा? रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास अनेकांना माहीत असेल. तिथं ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं 2002 च्या सुमारास गावकऱ्यांबरोबर काम सुरू केलं. आता हंगामात गावातला माणूस पहाटे किनारा चालतो, मादीच्या पावलांचा माग काढतो, अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवतो. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. मूल तिथं जातं तेव्हा त्याला कासव दिसतं आणि ते वाचवणारा माणूसही दिसतो. त्याला नाव आहे, त्याला पहाटे उठायचा कंटाळाही येत असणार. वाक्य पुरं झालं. तिथंही मोबाइल घेतलेल्या पालकांची गर्दी होते, पिल्लांचा सोहळा होतो, हे आम्ही नाकारत नाही. आणि मूल विचारतंच, ‘यातली किती मोठी होणार?’ फारच थोडी, बाळा; हजारात एखादं, असं म्हणतात. हे खरं सांगावं. त्यानंतर ते मूल पाण्याकडे जास्त वेळ बघतं.

वाघाची गोष्टही अशीच सांगता येते. 2006 च्या गणनेत देशात 1,411 वाघांचा अंदाज होता, 2022 च्या गणनेत 3,682 चा. हे पोस्टरांनी झालं नाही. पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकांनी केलं, कायद्यानं केलं, पैशानं केलं, आणि ज्यांनी आपली गावं सोडली त्यांच्या किमतीवरही झालं. हे सगळे त्या वाक्याचे कर्ते आहेत. मुलाला ते दिसू देत.

शेवटी त्या चित्रवाल्या मुलाकडे येतो. तो आता कॉलेजात असेल. त्याला तेव्हा आम्ही म्हणायला हवं होतं, ‘नाही बाळा, तू नाही वाचवलास म्हणून वाघ मरणार नाही. ते काम आम्हा मोठ्यांचं आहे. काही मोठी माणसं ते करतात, पुष्कळ करत नाहीत. तू आधी तुझ्या घरामागं काय काय राहतं ते बघून ये, आणि मला सांग.’ त्यानं येऊन सांगितलं असतं, तर त्यातली निम्मी नावं आम्हालाही आली नसती. मग दोघांनी मिळून कोणाला तरी विचारलं असतं.

तेवढंही आम्ही केलं नाही. तुमच्या घरात, वर्गात असं मूल असेल, तर तुम्ही करा. या आज्ञेचा कर्ता तुम्ही आहात. थांबतो.