घुमटाखालचा विस्तव

कोळशाची ग्रिल निवडायला गेलं की आपली नजर आधी जाळीवर जाते, कारण पदार्थ तिथंच पडायचा असतो. पण अमेरिकी परसात उभी असते ती गोल, तीन पायांची केटल समोर आली, तर आपण जरा दम धरावा आणि पहिल्यांदा तिचं झाकण पाहावं. काळ्याभोर एनॅमलचा तो तुळतुळीत घुमट. बोट फिरवत न्यावं तर कुठं कोपरा लागत नाही, कुठं सांधा अडत नाही, आणि ही वक्रता केवळ डोळ्यांना सुखावण्यासाठी आहे असं वाटत असतानाच तिच्या जन्माची हकिकत कळते. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन कामाला होते. पत्र्याचे अर्धगोल जोडून पाण्यावर तरंगणारे बोये तिथं तयार होत. घरामागच्या उघड्या शेगडीवर मांस भाजताना वाऱ्याने आणि धुराने बेजार झालेल्या या गृहस्थांनी बोयाचे ते दोन अर्धगोल घेतले, खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ. जलाशयात दिशा दाखवायला निघालेली आकृती अशी विस्तव सांभाळायला लागली, आणि गंमत अशी की आकृतीत फारसं काही बदलावंही लागलं नाही.

कारण गोलाकाराची जी किमया पाण्याला मानवते, तीच उष्ण हवेलाही मानवते. निखाऱ्यांवरून उठलेली धग वर जाते, घुमटाला टेकते, त्याच्या उतारावरून वळते आणि पदार्थाच्या माथ्यावर परत उतरते. चौकोनी पेटीच्या कोपऱ्यात ती जशी घुटमळत राहते तशी इथं राहत नाही. एरवी उघडी शेगडी फक्त खालून भाजते. झाकण पडताच तीच शेगडी भट्टी होते आणि सर्व बाजूंनी भाजू लागते. आता एनॅमलचाही मान राखू या: पोलादावर काचेची पूड चढवून ती सुमारे आठशे अंश सेल्सिअसला वितळवलेली असते, म्हणून आपण पाहतो ती झिलई रंगाची नसून काचेची आहे. पाऊस, गंज, चरबीचे थेंब हे सगळं ती सोसते. फक्त झाकण फरशीवर आपटू नये, टवका उडतो.

बुडाशी आणि शिखरावर झडपा आहेत, आणि या शेगडीचा सगळा सूर तिथं लागतो. खालच्या झडपेतून प्राणवायू आत येतो, वरच्या चकतीतून धूर बाहेर पडतो. दोन्ही सताड उघड्या ठेवल्या तर निखारे रसरसतात, दोन्ही लावून घेतल्या तर ते मंदावत मंदावत विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला कामी येतो. जाणकार खालच्या झडपेने आच ठरवतात, आणि झाकण ठेवताना वरची चकती निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला येईल असं फिरवून ठेवतात. एवढ्याशा फिरवण्यात केवढी रसिकता आहे पाहा: बाहेर पडण्यासाठी धुराला पदार्थावरून प्रवास करावा लागतो, आणि जाता जाता तो आपला गंध ठेवून जातो.

आता आकाराचा प्रश्न. या घराण्यात मुख्य मापं तीन, १८, २२ आणि २६ इंच. कागदावर दर पायरीला चारच इंच वाढतात, म्हणून दुकानात मन सहज धाकटीकडे झुकतं. पण वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं हे शाळेतलं गणित इथं अचानक रुचकर होतं. १८ इंचीची जाळी साधारण २४० चौरस इंचांची, २२ इंचीची ३६३, आणि २६ इंचीची ५०० च्या थोडी पुढे. म्हणजे पहिल्या चार इंचांत जागा दीडपट झाली. विक्रेते याचा हिशेब माणसांत करतात, अमुक मापात इतक्यांचं जेवण. मला हा हिशेब अपुरा वाटतो. चार माणसांचं मांस १८ इंची जाळीवरही मावतं. तिथं जे मावत नाही, ते रिकामेपण.

आणि कोळशावरच्या भाजण्याचा खरा विलास या रिकामेपणात आहे. निखारे शेगडीभर न पसरता एका अंगाला रचायचे आणि दुसरं अंग मोकळं सोडायचं, एवढीच युक्ती. निखाऱ्यांच्या माथ्यावर पदार्थाला थेट किरणांचा मारा बसतो, पाठ खरपूस होते, चरबी ठिबकून ज्वाळा उठतात. मोकळ्या अंगाला मात्र झाकणाखालून वळून आलेली निवांत उष्ण हवा असते. वाड्यात माजघर आणि अंगण यांच्या मध्ये जशी ओसरी, तसं हे मोकळं अंग: धड आत नाही, धड बाहेर नाही, आणि घरातली निम्मी कामं तिथंच होतात.

शिकागो-न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत परसातल्या केटलीवर भरताचं वांगं चढतं, तेच उदाहरण घेऊ. तेल माखलेलं भलंमोठं वांगं आपण सरळ निखाऱ्यांवर ठेवतो. साल चरचरते, तिच्यावर आधी फोड येतात, मग ती काळी पडते, आणि चिमट्याने कुशी बदलत बदलत सगळ्या अंगांनी करपली की नवशिका समजतो झालं. पण देठाजवळ दाबून पाहावं, अजून ते घट्टच असतं. गॅसच्या शेगडीवर अशा वेळी ज्योत बारीक करून, उलटसुलट करत बसावं लागतं. इथं फक्त त्याला उचलून मोकळ्या अंगाला सरकवायचं आणि झाकण लावायचं. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण काढावं, तर वांगं पाठीतून खचलेलं असतं, चिरेतून तपकिरी रस सुटून जाळीवर थेंब थेंब आटत असतो, आणि देठ बोटाने दाबला की आत जातो. गर धुराने जितका मुरलेला, तितकाच मऊ. कोंबडीच्या तंगडीलाही हाच क्रम चालतो, किंवा उलटा: आधी मोकळ्या अंगाला शिजवावी आणि शेवटी निखाऱ्यांवर धरून कातडी कुरकुरीत करावी. १८ इंचीत हे जमत नाही असं नाही. पण निखारे आणि पदार्थ एकमेकांना खेटून बसतात, मोकळ्या अंगालाही झळ लागत राहते, आणि एक कड आधी काळी होते.

संथ पाकासाठीही हीच मोकळी जागा कामाला येते. ब्रिकेट, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या एकसारख्या आकाराच्या गोळ्या, केटलच्या कडेने अर्धवर्तुळात ओळीने रचायच्या आणि एका टोकाला पेटवायच्या. वातीसारखी ती ओळ आपली जळत पुढे सरकते आणि ११०-१२० अंशांची आच कित्येक तास पुरवते. हेन्री फोर्ड यांनी १९२० च्या दशकात मिशिगनमध्ये मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून या गोळ्यांचा धंदा उभारला. अस्सल लाकडी कोळशाचे शौकीन त्यांना नाकं मुरडतात, आणि चवीच्या बाबतीत माझाही कल या शौकिनांकडेच आहे; पण ओबडधोबड कोळशाची अशी शिस्तबद्ध रांग लावून दाखवावी त्यांनी! २२ इंचीत ही रांग कडेला राहते आणि मधे मोठा मांसाचा तुकडा ऐसपैस बसतो.

मग २६ इंची आणखी चांगली नाही का? जत्रा जमवणाऱ्यांसाठी आहेच. तिची ओसरी मोठी. मात्र ती तापवायला कोळसाही त्या मानाने लागतो, आणि दोघांसाठी चार कणसं भाजायची तर एवढा दरबार भरवण्याचा आळस येतो. १४ इंची छोटी सहलीला छान.

राहिली अंगची वैशिष्ट्यं. काहींत खरं सौंदर्य आहे, काही नुसते अलंकार आहेत. बुडाशी तीन पाती फिरवणारी दांडी मला विशेष लोभस वाटते, कारण झडप उघडणं-मिटणं आणि राख खाली लोटणं ही दोन्ही कामं ती एकाच हालचालीत करते. आणि ती राख उघड्या थाळीत न पडता बंद डब्यात पडावी, एवढ्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, नाहीतर पहिल्या वाऱ्याला ती शेजाऱ्याच्या वाळवणावर. जाळीची बिजागरीची कड तर त्याहून मोलाची. ती उचलली की पदार्थ न हलवता निखाऱ्यांत कोळशाची भर घालता येते, फक्त जाळी बसवतानाच ती कड निखाऱ्यांवर येईल असं पाहावं. झाकण अडकवायचा कंस साधाच, पण हातात तापलेला घुमट घेऊन जागा शोधत उभं राहिलेल्याला त्याची किंमत विचारा. झाकणावरचा तापमापक शोभेचा अधिक: तो घुमटातल्या हवेचं तापमान सांगतो, जाळीवर काय चाललंय ते नव्हे. गॅसने कोळसा पेटवायची सोय तर मला निव्वळ चैन वाटते. उभ्या नळकांड्यात कोळसा भरून खाली कागद पेटवला, की पंधरा-वीस मिनिटांत वरच्या थरावर राखाडी साय धरते, आणि तेवढा वेळ कांदा चिरायला लागतोच.

या घराण्याबाहेरची एक शेगडी मात्र मन चाळवते, ती जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची, जपानी कामाडो चुलीची वंशज. १९७४ पासून अटलांटात बिग ग्रीन एग या नावाने तिचा व्यापार चालतो. तिच्या भिंती उष्णता अशा धरून ठेवतात की एकदा भरलेल्या कोळशावर रात्र निघते, आणि तिच्यात भाजलेला पाव खाल्ला की माणूस केटलशी प्रतारणा करायच्या बेतात येतो. पण तीच जाडी तिचा हट्टही आहे. एकदा तापली की ती लवकर निवत नाही, आणि निमुळत्या पोटात निखारे मधोमध एकवटत असल्याने एक अंग मोकळं सोडायचं तर आत आडोशाची सिरॅमिकची तबकडी बसवावी लागते. शिवाय मोठ्या मापाचं वजन सत्तर किलोंच्या घरात, म्हणजे ऊन पाहून इकडून तिकडे सरकवणं आलंच नाही. ज्या घराला रोज नवी लहर येते, आज वांगं, उद्या पापलेट, परवा अख्खी कोंबडी, त्या घराने पत्र्याची २२ इंचीच घ्यावी, बिजागरीच्या जाळीची आणि राखेच्या बंद डब्याची. आणि बाजूचं टेबल जोडलेली गाडी घ्यायची की नाही, ते परसात ताट ठेवायला दुसरा कट्टा आहे का, हे पाहून ठरवावं.