बिदरीचा हुक्का : भांडे आणि धूर

परदेशच्या प्रवासवर्णनांत जुन्या तंबाखूविक्रेत्याच्या दुकानाची स्तुती वारंवार आढळते. सीडरच्या लाकडाच्या पेट्या, त्यांत ओलावा राखून ठेवलेले चिरूट आणि गिऱ्हाइकाची आवड हेरून एकेक चिरूट पुढे करणारा वृद्ध दुकानदार, हे चित्र आता रूढ झाले आहे. वास्तविक या शौकाशी आपल्या देशाचा संबंध जुना आहे. ‘चिरूट’ हा शब्दच मुळी तमिळ ‘सुरुट्टु’चा वंशज, आणि त्रिचनापल्लीचा चिरूट शेरलॉक होम्सने १८८७ सालच्या आपल्या पहिल्याच कथेत राखेवरून ओळखला. तथापि दक्षिणेत धूम्रपानाच्या रसिकतेचे खरे स्मारक पाहावयाचे असेल, तर चिरुटाचे दुकान शोधू नये. बीदरचा हुक्का पाहावा.

माणिकनगर व गाणगापूर येथील यात्रेस जाणारे आमचे पुष्कळ वाचक झरणी नृसिंहाच्या दर्शनासाठी बीदरासही जातात. कमठाण्याच्या बाजूने असो वा अन्य वाटेने, शहरात आल्यावर बिदरीकामाच्या काळ्या-रुपेरी वस्तू त्यांच्या दृष्टीस पडतात. त्यांतील हुक्क्याच्या बैठकीस बहुतेक जण फुलदाणी समजतात. पुराणवस्तुसंग्रहालयांतही ही बैठक चिलीम व नळी यांवाचून एकटीच मांडलेली असते. आमची तक्रार नेमकी येथेच आहे.

पोर्तुगीजांनी आणलेला तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात चांगलाच रुळला होता. तेथे गेलेल्या असद बेग या मोगल वकिलाने तो व एक रत्नजडित नळी अकबरापुढे ठेवली. बादशहाने काही झुरके घेतले, तेव्हा हकिमाने हरकत घेतली, असे असद बेगनेच लिहून ठेवले आहे. जहांगिराने १६१७ साली तंबाखूस मनाई केली. पण व्यसन दरबाराच्या आज्ञेपेक्षा बलवत्तर ठरले. धूर पाण्यातून ओढला म्हणजे निर्दोष होतो, ही समजूत हुक्क्याच्या प्रसारास पोषक झाली. ती समजूत खोटी आहे; पाणी धूर थंड करते, त्यातील विष काढून घेत नाही. कोंकणी वाचकांस एक गोष्ट जाणून कौतुक वाटेल. हुक्क्याचे ‘नारगील’ हे फारसी नाव आपल्या नारिकेलावरून आले, कारण पाण्याचे पहिले भांडे नारळाची करवंटी होती.

त्या करवंटीच्या जागी बीदरच्या कारागिराने जे घडविले ते असामान्य आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओततात. मोरचुदाने ते तात्पुरते काळे करून त्यावर छिन्नीने नक्षी कोरतात आणि कोरलेल्या रेघांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. त्याने जस्ताची मिश्रधातू कायमची काळी होते. चांदीला मात्र तो स्पर्शही करीत नाही. काळोखावर चांदणे उमटावे, तशी नक्षी वर येते.

आता गुणदोषांचा विचार. हुक्क्याच्या जुन्या बैठका घटाकार असत. घागरीस चुंबळ लागते तशी त्यांस खाली कडी लागे. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर घंटेच्या आकाराच्या, रुंद बुडाच्या बैठका अधिक होऊ लागल्या. सोयीच्या दृष्टीने घंटाकार बैठक सरस, हे कबूल. परंतु आमच्या मते सौंदर्य पहिलीतच अधिक आहे. पोटात पाणी असल्याची जाणीव तिचा गोल घेर करून देतो, आणि गालिच्यावर बसलेल्या माणसास वरून पाहताना फुलझाडांच्या ओळी त्या गोलाईवरून उतरत गेलेल्या दिसतात. काचेच्या कपाटात डोळ्यांच्या पातळीवर ठेवलेल्या भांड्यात ही गंमत निम्मी हरपते. वस्तूचा उपयोग विसरणारा रसिक तिचे रूपही पुरते पाहत नाही, हे तात्पर्य.

उपयोग आठवला म्हणजे त्याबरोबर अप्रिय गोष्टीही आठवाव्या लागतात. हुक्का हा मैफलीचा मानबिंदू, तसाच तो भेदाचाही होता. कोणाची नळी कोणी ओठांस लावावी, यावरून माणसाची पंगत ठरे. उत्तरेत बहिष्काराला ‘हुक्का-पाणी बंद’ असेच नाव पडले. आपल्या वाळीत टाकण्याचे ते सख्खे भावंड. ज्या नळीने माणसे जवळ आणली, तिनेच दूरही लोटली. शिवाय तंबाखूमागील श्रम या चांदीच्या वेलबुट्टीत कोठेच दिसत नाहीत. निपाणीच्या तंबाखू-शेतकऱ्यांना शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी रस्त्यावर यावे लागले ते १९८१ साली. तो इतिहास शौकाच्या वर्णनांत सहसा येत नाही.

काळाने याचा न्याय आपल्या परीने केला आहे. २०२४ साली कर्नाटक शासनाने हुक्क्याच्या विक्रीस व सेवनास बंदी केली. ज्या प्रदेशाने हुक्क्याला जगातील अत्यंत देखणी बैठक दिली, तेथेच हुक्का निषिद्ध झाला. आम्हांस या बंदीचे दुःख नाही. बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिरास पद्मश्री देण्यात आली. कला धुरावाचून जगू शकते, याचा हा पुरावा होय.

परंतु जगणे म्हणजे केवळ खपणे नव्हे. हुक्क्याने कारागिरापुढे एक अवघड काम ठेवले होते : पाणी, अग्नी व श्वास यांना एकत्र सांभाळणारे भांडे घडविणे. आजच्या बिदरीस पेले, डब्या व भेटवस्तू यांपलीकडे तितकेच अवघड काम कोण देणार? समई, पंचपात्र व पूजेची तबके नित्य वापरणाऱ्या आमच्या समाजाने या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. यात्रेकरूने बीदरात शोभेची वस्तू अवश्य घ्यावी. पण रोज हाती येईल अशी एखादी वस्तू कारागिराकडून मागून करवून घेतली, तर तिची चांदी माणसाच्या हाताने घासली जाईल. भांड्याचा खरा मान त्यातच आहे.