इन्सुलिनस्राव आणि एटीपी : एका रूढ स्पष्टीकरणाची चिकित्सा

स्वादुपिंडातील लँगरहान्सच्या द्वीपकांमधील बीटा पेशी रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण कसे ओळखते, या प्रश्नाचे उत्तर आपली पाठ्यपुस्तके बाणांच्या एका मालिकेने देतात. ग्लुकोज पेशीत शिरते. त्याचे विघटन होऊन ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी, निर्माण होते. एटीपी वाढले की पेशीपटलातील पोटॅशियमची मार्गिका मिटते. पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत्-विभवांतर घटते. कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनच्या कणिका बाहेर रित्या होतात. उत्तरपत्रिकेत एवढे रेखाटणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतात, आणि ते मुक्तहस्ताने देणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे. मालिकेतील एकही बाण खोटा नाही. तथापि ‘एटीपी वाढले की मार्गिका मिटते’ या वाक्याची जितकी छाननी व्हावयास हवी तितकी होत नाही.

या वाक्यास आधार आहे तो भक्कम आहे. अशी मार्गिका अकिनोरी नोमा यांनी १९८३ साली हृदयाच्या स्नायुपेशीत दाखविली. पुढच्याच वर्षी कुक व हेल्स यांनी बीटा पेशीच्या पटलात एटीपीने थेट मिटणारी मार्गिका वर्णिली, आणि ॲशक्रॉफ्ट, हॅरिसन व ॲशक्रॉफ्ट यांनी अखंड पेशीस ग्लुकोज दिले असता मार्गिका मिटते असे दाखवून दिले. अडचण उद्भवते ती आकड्यांत. पटलाचा तुकडा सुटा करून पाहिल्यास मार्गिका निम्मी मिटण्यास लिटरमागे काही दशक मायक्रोमोल एटीपी पुरते. जिवंत पेशीत मात्र एटीपी काही मिलिमोल असते, म्हणजे शेकडो पटींनी अधिक. मग उपाशी माणसाच्या बीटा पेशीतही ही मार्गिका कायमची मिटलेलीच असावयास हवी, आणि इन्सुलिन अखंड झरावयास हवे. तसे होत नाही.

याचे उत्तर मार्गिकेच्या घडणीत आहे. तिचे दोन घटक १९९५ साली उलगडले. एकावर एटीपी बसून मार्गिका मिटवते. दुसऱ्यावर, म्हणजे सल्फोनिलयुरिया-ग्राहकावर, मॅग्नेशियमसहित एडीपी बसून तीच मार्गिका उघडते. पटलातील फॉस्फोलिपिडेही एटीपीचा प्रभाव सौम्य करतात. मुक्त एडीपीचा साठा मुळात अल्प असल्याने, एटीपीत किंचित वाढ होते तेव्हा एडीपी मोठ्या प्रमाणात घटते. मार्गिका वाचते ती दोहोंच्या गुणोत्तराची वार्ता. ‘एटीपी हे पेशीचे चलन’ हे आपले लाडके रूपक येथे दिशाभूल करते. ही मार्गिका मिटताना एटीपी खर्ची पडतच नाही.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने २००४ सालचा ग्लॉइन, हॅटर्सली व सहकाऱ्यांचा शोध पाहावा. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह जडलेल्या काही बालकांत मार्गिकेच्या जनुकात बदल आढळले. या बालकांच्या पेशीत एटीपी होते. मार्गिकेस त्याची वार्ता लागत नव्हती, म्हणून ती उघडीच राहत होती. सल्फोनिलयुरिया मार्गिकेस एटीपीवाचूनही मिटवते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांची इन्सुलिनची टोचणी थांबून गोळ्या पुरेशा ठरल्या. या औषधकुळाचा प्रारंभ १९४२ साली माँपेलिए येथे, विषमज्वरावरील एका सल्फा औषधाने रुग्णांची रक्तशर्करा घसरते या निरीक्षणातून झाला होता. त्या काळी मार्गिकेची कल्पनाही कोणास नव्हती. उलटपक्षी, मार्गिका घडतच नाही अशा बालकांत रक्तशर्करा घसरली तरी इन्सुलिन स्रवत राहते आणि मेंदूस इजा पोहोचण्याचा धोका असतो.

तरीही सारे काही मार्गिकेवर लादणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. गेम्बाल, जिलों व आंकें यांनी १९९२ साली डायझॉक्साइडने मार्गिका उघडी ठेवली, बाहेरील पोटॅशियम वाढवून कॅल्शियम आत आणले, आणि मग ग्लुकोज वाढविले. स्राव तरीही वाढला. मार्गिकेस वगळून जाणारी ही वर्धक वाट कोणत्या रेणूंतून जाते, याविषयी आजही एकमत नाही. पाठ्यपुस्तकांत तिला बहुधा एखादी तळटीप मिळते. माझ्या मते हा अन्याय आहे.

आणखी एक वाद अलीकडचा आहे. मार्गिका मिटविणारे एटीपी तंतुकणिकांतून येते हे सर्वमान्य होते. २०२० पासून काही संशोधक पटलालगतच्या पायरुव्हेट कायनेज या विकराकडे बोट दाखवीत आहेत. हा विकर तेथल्या तेथे एडीपी संपवून एटीपी घडवतो. कल्पना आकर्षक आहे, परंतु तेवढ्यावरून तंतुकणिकांना पदच्युत करणे मला घाईचे वाटते. त्यांचे श्वसन रोखले असता ग्लुकोजने होणारा स्राव खुंटतो, हे जुने निरीक्षण अबाधित आहे. निर्णय लागावयाचा तो मापनानेच. प्रकाशमान सूचकांनी मिळणारा आकडा पुष्कळदा साऱ्या पेशीद्रवाची सरासरी असतो, आणि मार्गिकेचा संबंध येतो तो पटलाखालच्या अतिशय पातळ थराशी.